करवंदी रंगाच्या मोहिमेची हकीकत

श्री गजानन आणि कुंपणावरला शिंपी पक्षी, उभयतांस दंडवत. शके १९४७, चैत्र शुद्ध पक्ष. ही हकीकत लिहिणार्‍याने लिहिलीच नसती. दोनदा अर्धी टाइप केली आणि दोनदा पुसली, की पाखराच्या घरट्याची मोहीम ऐकून लोक हसतील. मग म्हटले, हसोत. झाले ते असे.

एक राज्य होते. नाव सांगत नाही. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस पिठाची गिरणी, आणि मध्ये दोन खोल्या, पैकी एकीत खड्ड्याचा माग. त्या मागावर मातोश्री अंबूबाई तीस वर्षे अंमल करीत होत्या आणि त्यांच्या आई राहीबाई होत्या तोवर दोघी आळीपाळीने बसत. दोघींच्या हातच्या रेशमी साड्या देशोदेशी गेल्या आणि राहीबाईंच्या हातची एकही घरात उरली नाही. त्यांनी शेवटली विणली ती करवंदी रंगाची. ती गिर्‍हाईक घेऊन गेले, मग राहीबाई गेल्या, मग त्यांचा रंगारी गेला आणि रंगाची कृती बरोबर घेऊन गेला. तेव्हा अंबूबाईंनी पण केला, की आईच्या रंगाची एक साडी विणीन आणि ती विकणार नाही, स्वतः नेसेन. आणि मुदत बांधली. "पाडव्याच्या आत रंग सापडला तर ठीक. नाही तर माग मोडते आणि तिथं कॉट टाकते. गुडघे गेले माझे त्या खड्ड्यात बसून."

हे ऐकून चिरंजीव गोरखराव, वय तेवीस, यांची झोप उडाली, कारण जन्मापासून ते त्या मागाच्या ठकठकीवर झोपत आलेले. त्यांचा स्वतःचा खजिना पलंगाखाली होता. सहा बिस्किटांचे डबे, आणि त्यांत सापाची कात, टिटवीचे पीस, नाना झाडांच्या बिया आणि पाखरांनी सोडून दिलेली घरटी, प्रत्येकावर साल लिहिलेले. अंबूबाई या सगळ्यास एकच शब्द योजीत. कचरा.

मग गोरखरावांनी स्नेही मुनाफ यांस पाचारण केले. मुनाफ रंगखान्यात चाकरीस होते आणि त्यांच्या पदरी काडेपेटीएवढे यंत्र होते. ते रंगावर ठेवले की मोबाइलवर आकडे उमटत आणि आकड्यांवरून तोच रंग पुन्हा घडे. पण यंत्रास दाखवायला रंग कुठला? बाई नुसत्या सांगत, "करवंद फोडल्यावर आत असतो ना, तो." मग मुनाफ अदमासाने लडी रंगवून आणू लागले. "मावशी, ही?" "हे वांगं. भरून खा." "बरं, ही?" "हे जांभूळ." "आणि ही?" "ही तर शाई सांडलीय." ऐसे सात हल्ले झाले आणि सातही फसले. मुनाफ कपाळ धरून म्हणाले, "मावशी, रंग तुमच्या डोळ्यांत आहे, तो मी यंत्रात कसा घालू?"

पाडव्यास पाच दिवस उरले आणि साफसफाई निघाली आणि अंबूबाईंनी डबे अंगणात काढले. "आज हे जाणार." गोरखराव एकेक घरटे हातात घेऊन निरोप घेऊ लागले. त्यांत एक होते सन दोन हजार बाराचे, सीताफळाची दोन पाने दोर्‍याने टाचून शिवलेले, टाके मातकट. ते पाहता एकदम आठवले, की आजी मागाखालचे तुटके धागे झाडून कुंपणावर टाकी आणि शिंपी ते चोचीत धरून पळवी. "आई, आजीनं करवंदी कधी विणली गं?" "तू पाचवीत होतास. भर पावसाळ्यात." पाचवी म्हणजे सन दोन हजार बाराच. मग गोरखराव फोनवर असे ओरडले की मुनाफ यंत्र घेऊन धावतच आले आणि यंत्र टाक्यावर ठेवले आणि तोंड पाडून म्हणाले, "चिखलाचा रंग आला."

हा आठवा पराभव. तेव्हा अंबूबाई खाली बसल्या आणि चष्मा पुसून म्हणाल्या, "धूळ वरून बसते रे. पिळाच्या आत कुठली जातीय? धागा सोडवून दे, मी उलगडते." पण धागा सोडवायचा म्हणजे घरटे मोडायचे. गोरखरावांनी घरटे छातीशी धरले. खरे ते लिहितो, त्यांस रडू येत होते. बाईंनी पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे. तुला सापडलेलं पहिलं आहे ना ते? टाकू कॉट." आईस हे ठाऊक असेल ऐसे गोरखरावांस कधी वाटले नव्हते. मग त्यांनी ब्लेड घेतले आणि पहिला टाका कापला.

बाईंनी धागा रिठ्याच्या पाण्यात बुडवला आणि नखाने पीळ उलटा सोडला आणि रेशमाचे तंतू बशीत पसरले, आणि त्यांच्या पोटी बारा वर्षे ऊन न लागलेला रंग निघाला. बाई कितीतरी वेळ बशीवरून हात काढीनात. मग यंत्र चालले, रंगखान्यात भट्टी पेटली आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी मुनाफ लड घेऊन दारात उभे राहिले. "मावशी, ही?" "ही भरून खाऊ नकोस," अंबूबाई म्हणाल्या आणि लड गालाला लावली. आणि आत जाता जाता मुलास म्हणाल्या, "तो कचरा पलंगाखाली ठेव परत. दव पडेल त्यावर."

तात्पर्य, हल्ले आठ फसले, नववा लागला, घरटे एक खर्ची पडले, माग कायम, कॉट रद्द. पाडव्यापासून ठकठक चालू आहे आणि तुटके करवंदी धागे कुंपणावर टाकले जातात. मुनाफ यांनी पुसले, "सगळ्यांना सगळं मिळालं, मला काय?" गोरखराव म्हणाले, "यंदा त्या धाग्यांचं घरटं झालं, तर पिल्लं उडेपर्यंत मी हात लावणार नाही. आणि उडाली की ते तुझं. माझ्या डब्यात जाणार नाही, शब्द देतो."