विहिरीतल्या मावशीची नजर

शिशिरचा हिशेब पक्का होता. अनुश्री दुपारी जेवली की झोपते. एकदा झोपली की कानाशी ढोल वाजवा, हलायची नाही! आणि थिएटर म्हणजे तरी काय? अंधार, गार हवा आणि मऊ खुर्ची. साडेचार वर्षांच्या पोरीला झोपायला याहून झकास जागा अख्ख्या रायपुरात मिळायची नाही. पोरगी झोपेल, बाप सिनेमा पाहील, दोघंही ताजेतवाने होऊन घरी येतील. एवढी सोपी गोष्ट लोकांना सुचत कशी नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

सिनेमा भुताचा होता, हा त्यातला किरकोळ भाग.

त्या रविवारी त्याच्या बायकोची, मंजिरीची, शाळेत परीक्षेची ड्यूटी होती. त्याची आई नागपूरला गेलेली. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरात पोरीला सांभाळायला उरला एकटा शिशिर. आणि नेमकी त्याच दुपारची तिकिटं रेल्वे ऑफिसातल्या गौतमनं काढून ठेवली होती. हा गौतम म्हणजे सहा फुटी गडी. मिशा अशा की बघूनच भुतानं वाट बदलावी.

मंजिरी निघाली, चप्पल घातली आणि दारातून परत आली. "मॉलमध्ये फिरवा, आइस्क्रीम द्या, पण तिले काही भलतंसलतं दाखवू नका! आता कुठं पोट्टी दिवा बंद करून झोपून राहिली. दोन महिने तिच्या उशाशी बसून माझी कंबर गेली. पुन्हा अंधाराले घाबरली ना, तर या खेपेला तुम्ही बसायचं!"

"मी काय पागल आहे का?" शिशिर म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर मंजिरीनं दिलं नाही, कारण तिला उशीर होत होता.

थिएटरच्या दारावरच्या माणसानं तिकिटं पाहिली, मग खाली अनुश्रीकडे पाहिलं. "भैया, बच्ची डर जाएगी."

"ये? ये तो सो जाएगी!" शिशिर ऐटीत म्हणाला.

"सब यही बोलते हैं," तो माणूस म्हणाला आणि त्यानं हातानंच आत बघा अशी खूण केली.

आत पाहतो तर काय, अंगणवाडी भरलेली! कोणी बाटलीनं दूध पितंय, कोणाचा लंगोट बदलणं चाललंय, एक पोरगं खुर्चीखाली रांगत दुसऱ्याच्या चपला गोळा करतंय. पाचपन्नास घरांनी आपापल्या घरी बसून हाच पक्का हिशेब केला होता! शिशिरला जरा वाईट वाटलं. आपली अक्कल इतकी सगळ्यांकडे असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दिवे गेले. मांडीवर पॉपकॉर्नचा डबा घेऊन अनुश्री खरोखर झोपली. शिशिरनं गौतमला विजयी कोपरखळी मारली. "पाह्यलं?"

गौतमनं मिशीला पीळ दिला. "मले तर असले सिनेमे पाहून हसू येते, यार."

मग पडद्यावर एक विहीर आली. विहिरीतून एक हात आला. हातामागून केस आले, आणि केसांमागून जे आलं ते पाहून अख्खी अंगणवाडी एका सुरात किंचाळली. दुधाच्या बाटल्या उडाल्या. गौतमला येणारं हसू कुठेतरी अडकलं असावं, कारण त्यानं शिशिरचा दंड असा पकडला की हाताला मुंग्या आल्या.

आणि अनुश्री जागी झाली.

भूत राहिलं बाजूला, शिशिरला डोळ्यांपुढे मंजिरी दिसली. दोन महिन्यांची मेहनत विहिरीत! "अनू, डोळे मीट! आपण बाहेर जाऊ!"

"बाबा," अनुश्री टक लावून पडद्याकडे बघत म्हणाली, "ते मावशी काहून रडून राहिली?"

"ती... तिचं पोट दुखून राहिलं. चल!"

"नाही. तिले नजर लागली," अनुश्रीनं निदान केलं. "मीही अशीच रडतो ना, तं आजी म्हणते नजर लागली."

तेवढ्यात ती विहिरीतली बाई पडद्यावरून थेट शिशिरच्या अंगावरच आली. निदान त्याला तरी तसं वाटलं. त्यानं डोळे गच्च मिटले. बापाची जबाबदारी म्हणून लेकीचा हातही घट्ट धरून ठेवला. किंकाळ्या जरा ओसरल्यावर त्यानं एक डोळा उघडला, तेव्हा त्याच्या मुठीतला हात केसाळ होता. तो गौतमचा होता. शेजारची खुर्ची रिकामी होती. अनुश्री नव्हती, आणि पॉपकॉर्नचा डबाही नव्हता!

आता मात्र शिशिर खरा घाबरला. भुताची भीती खोटी असते हे त्याला त्या एका क्षणात कळलं. तो खुर्च्यांखाली वाकला, कोणाच्या तरी आजीच्या पायाला हात लावून आला, "अनू! अनू!" ओरडत पायऱ्यांवर धडपडला. आणि मग त्याला ती दिसली.

अगदी खाली, पडद्यासमोर, त्याची लेक उभी होती. वर दोन मजली उंचीचा तो भेसूर चेहरा, विस्कटलेले केस, पांढरे डोळे. खाली गुडघ्याएवढी पोरगी, लाल फ्रॉकमध्ये. तिनं पॉपकॉर्नची मूठ भरली होती आणि ती त्या चेहऱ्यावरून ओवाळत होती, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते तशी, उजवीकडून डावीकडे. खारे पॉपकॉर्न होते. म्हणजे मीठ होतंच!

"येणाऱ्याची, जाणाऱ्याची, घरातल्यांची, शेजाऱ्यांची, साऱ्यांची नजर निघो!" तिचा बारीक आवाज घुमला.

रडणारी पोरं रडायची थांबली. शिशिर जिथल्या तिथे खिळला. ही माझी पोरगी? मी जिच्याकडे डोळे उघडून बघू शकलो नाही, तिच्यासमोर ही जाऊन उभी राहिली? आणि तीही तिला बरं करायला! त्याचा ऊर भरून आला. आयुष्यात आपल्या हातून एवढं मोठं काही झालं असेल यावर त्याचा विश्वास बसेना.

आणि काय सांगावं! पडद्यावरच्या बाईनं डोळे मिटले, हुंदका दिला आणि हळूहळू विहिरीत परत गेली. कथेतच तसं होतं म्हणा. पण त्या क्षणी हे कोण ऐकून घेणार? "उतर गई! नजर उतर गई!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिशिर लेकीला उचलायला धावला, पण त्याच्या आधी एक बाई तिच्यापर्यंत पोचली. कडेवर हुंदके देणारं पोरगं. "बिटिया, जरा इसकी भी उतार दे!"

"हव," अनुश्री म्हणाली आणि मूठ भरली.

झालं! बघता बघता रांग लागली. आया, बाप, कडेवरची, बोट धरलेली. पडद्यावर सिनेमा चालू होता, पण त्याच्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. ज्याची नजर उतरली ते पोरगं हसत परत जायचं. डबा संपला तर गौतम धावत जाऊन दुसरा घेऊन आला, आणि स्वतः रांगेच्या शेवटी उभा राहिला.

"तू काहून?" शिशिरनं विचारलं.

"अरे, आलोच आहे तं!" गौतम मिशी पुसत म्हणाला.

"आता हे सगळं जाळायचं," अनुश्रीनं ओवाळलेले पॉपकॉर्न पुढे केले.

"जलाना मना है!" थिएटरचा टॉर्चवाला कळवळून ओरडला. मग इकडेतिकडे बघून हळूच त्यानं आपली टोपी काढली आणि तिच्यापुढे डोकं वाकवलं.

स्कूटरवर शिशिरनं लेकीला बजावलं, "आईला फक्त आइस्क्रीम सांगायचं बरं!" अनुश्रीनं शहाण्यासारखी मान हलवली. त्याला तिच्यापुढे बोलताना जरा दबूनच वाटत होतं.

संध्याकाळी मंजिरी आली, तेव्हा घरातले सगळे दिवे लागलेले. न्हाणीघरातलासुद्धा. "दिवाळी आहे का? पोट्टी घाबरली वाटते!"

"घाबरली? ती?" शिशिरला राहवेना. "जा, अंधाऱ्या खोलीत पाहून ये!"

अनुश्री खरोखरच आतल्या खोलीत, तिथला दिवा तेवढा बंद करून, काळोखात एकटी होती. आईबाबांच्या मोठ्या पलंगावर कडेची उशी सरकवून जागा करत होती. मंजिरीच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. शिशिर दारात छाती फुगवून उभा राहिला.

"काय करून राहिली, अनू?"

"मावशीची जागा. विहिरीतल्या मावशीची. तिले तिथं एकटं भीती वाटते ना! मी म्हटलं, आमच्या घरी झोपायले ये." अनुश्रीनं उशीवर हात फिरवला. "बाबाच्या बाजूला."

मंजिरी हळूहळू नवऱ्याकडे वळली. पण तो तिथे नव्हताच. तो बाहेरच्या खोलीत कपाटापुढे उभा राहून सतरंजी शोधत होता.

"अनू," तो तिथूनच, अत्यंत आदरानं म्हणाला, "आज मी तुझ्या खोलीत झोपलो तर चालेल का गं?"