मॅट्रिकच्या आधीचं कॉलेज

दुबईच्या खाडीत लाँच लागायच्या आधीच धक्क्यावरचे कारकून हमीदमामू रजिस्टरात 'पोचली' असं लिहून मोकळे होत. एकदा वादळामुळे लाँच दोन दिवस उशिरा आली. साहेब भडकला. मामू शांतपणे म्हणाले, "रजिस्टर बरोबर आहे, साहेब. लाँच चुकली."

मामू रत्नागिरीचे. बायको वारलेली. देरा भागात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहायचे. "पुढचं आधी उरकावं, मागचं इन्शाल्ला होतंच," हे त्यांचं तत्त्वज्ञान. जेवताना आधी खीर, मग मच्छी. ईदचे कपडे रमजान लागण्यापूर्वी शिवून तयार. पलीकडच्या खालाचे दिवस भरायच्या आधीच त्यांनी तिच्या माहेरी 'मुलगा झाला' असं पत्र धाडलं. मुलगी झाली. मामू म्हणाले, "नाव तेवढं बदला. मुबारकबाद तीच!"

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. अब्बांनी फर्मान काढलं होतं: मॅट्रिक झाली की निकाह, कॉलेजात पाऊल टाकायचं नाही. मुलींनी इथवरच शिकावं, हे कुठल्या किताबात लिहिलंय, असं मी विचारलं. अब्बांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. अन्यायाजवळ उत्तर नसतं, वर्तमानपत्र असतं.

मी भांडत राहिले. मामूंनी फट शोधली.

"कॉलेजात जायचं नाही ना, गो? मग मॅट्रिकच्या आधीच कॉलेज करून टाकू. घरी बसून!"

विलायतेतल्या एका विद्यापीठाची टपाली परीक्षा होती. शाळेत असतानाच पेपर देऊन पास झालं, तर तो विषय पुढे कॉलेजचा म्हणून धरला जाई. मामूंनी फॉर्म मागवला आणि सहीसाठी अब्बांपुढे ठेवला.

"कसली परीक्षा? मॅट्रिकची?"

"मॅट्रिकच्या आधीची," मामू म्हणाले. शब्दन् शब्द खरा होता. अब्बांना वाटलं, सराव परीक्षा असेल. सही झाली.

प्रवेशपत्र आलं. त्यावर माझ्या नावापुढे 'एक्स्टर्नल' असं छापलेलं. मामूंचा चेहरा उतरला. "एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा. बाहेर बसवणार तुला. जूनच्या उन्हात!"

परीक्षेच्या दिवशी ते स्टूल, काळी छत्री आणि पाण्याची सुरई घेऊन माझ्याबरोबर निघाले. पेपर इंग्रजी कचेरीत होता. तिथल्या शिपायाने मला सरळ आत पंख्याखाली नेलं.

"आत?" मामू जरा हिरमुसलेच. मग स्टूल मांडलं, छत्री उघडली आणि तीन तास स्वतःच एक्स्टर्नल होऊन बसले.

मी पास झाले. अब्बांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे ही कॉलेजात गेली?"

"गेली कुठे, मियाँ? तुमचा शब्द राहिला. कॉलेजच घरी आलं. एक विषय झालाय. आता काम अर्धवट टाकणार?"

अर्धवट काम हा अब्बांच्या दृष्टीने गुन्हा. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बाकीचे विषयही घरूनच द्यायचे." निकाहची बोलणी थांबली.

त्या संध्याकाळी मामू एक जाड पाकीट घेऊन आले. आत मॅट्रिकची नवीकोरी पुस्तकं होती.

"यावर पत्ता लिही. नूरला पाठवायचंय. माझी मुलगी."

मामूंना मुलगी आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"चौदाव्या वर्षी मीच तिला शाळेतून काढलं. लग्न लावून दिलं. फार रडली. तुझ्यासारखीच हुशार होती गो."

"पण मामू, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी छान आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "ती ओळखते. पाकीट न फोडताच परत पाठवते."

मी पत्ता लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागेवर येऊन थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"तिथेही तुझंच नाव घाल," मामू म्हणाले.