प्रमाणित चिमूट

कोणत्याही सुसंस्कृत समाजाचा पाया अचूक मापनावर उभा असतो. ग्रंथालयाचं छप्पर मात्र अंदाजाने उभं केलेलं होतं, त्यामुळे ते बालविभागावर गळत होतं. इमारत खात्याने नोटीस दिली होती: महिनाअखेर दुरुस्ती न झाल्यास बालविभाग कायमचा बंद. खात्याकडे दुरुस्तीसाठी तरतूद नव्हती, नोटिशीसाठी होती.

ग्रंथपालबाई त्या विभागात सत्तावीस वर्षं मुलांना पुस्तकं देत आल्या होत्या. अलीकडे पुस्तकाबरोबर टॉवेलही द्यायच्या. हातावर हात ठेवून बसण्यातल्या त्या नव्हेत. त्यांनी ठरवलं, वस्तीतल्या घराघरातून एकेक पाककृती मागवायची, पुस्तक छापायचं आणि विक्रीतून छप्पर करायचं. आठवड्यात साठ पाककृती आल्या. वहीच्या पानांवर, पाकिटांच्या पाठीवर, एक तर औषधाच्या चिठ्ठीमागे. वाचताना बाई एकट्याच हसत होत्या. 'आमच्या निळ्या कपाने दोन कप मैदा.' 'दूध लागेल तेवढं.' 'शेजारीण कुंपणावरून डोकावली की केक झाला असं समजावं.'

इथवर सगळं आलबेल होतं. मग हस्तलिखित ग्रंथालयाच्या अध्यक्षांकडे सहीला गेलं.

अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. वस्ती त्यांना समोर साहेब म्हणे आणि पाठीमागे तराजूकाका.

"बाई, निळा कप म्हणजे किती?"

"पोस्टमनच्या घरचा आहे, साहेब. कान तुटलेला."

"कानाने आकारमान बदलत नाही. कप प्रमाणित आहे का?"

"वीस वर्षं त्यातून चहा पितात ते."

"विनाप्रमाणपत्र?" साहेब हादरले.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: पाककृतीत उल्लेखलेले सर्व कप मापनासाठी ग्रंथालयात जमा करावेत. कप आले, त्यांना चिठ्ठ्या लागल्या, पावत्या फाटल्या. वस्तीने चहा कशातून प्यावा हा प्रश्न परिपत्रकाच्या कक्षेबाहेरचा होता. चार दिवस बशीतून चहा पिऊन टेकीला आलेल्या पोस्टमनने 'स्वतःचा कप तात्पुरता परत मिळणेबाबत' अर्ज केला. कप आपलाच असल्याचा पुरावा जोडायचा होता. पुरावा म्हणून कप हजर करायचा होता.

कपांनंतर चिमटीची पाळी आली. घड्याळजीची आई वयाने ऐंशीची आणि जिभेने विशीची. तिला खुर्चीवर बसवून साहेबांनी तिच्या चिमटीतलं मीठ सोनाराकडून आणलेल्या काट्यावर पाच वेळा तोललं. पाच वेळा पाच वजनं.

"आजी, चिमूट एकच हवी."

"अरे बाबा, सुनेशी बोलणं असलं की माझी चिमूट वेगळी, अबोला असला की वेगळी. तुझ्या काट्याला सून आहे का?"

साहेबांनी शांतपणे सरासरी काढली आणि तिला 'प्रमाणित चिमूट' असं नाव दिलं. 'वास सुटेपर्यंत' हे शब्द गाळले, कारण वासाला एकक नाही. शेजारीण गाळली, कारण कुंपणाची उंची घरागणिक वेगळी. सगळं असं नीट झाल्यावर लक्षात आलं की तेवीस केक आता अगदी एकसारखे आहेत. ते एकत्र करून 'केक (सर्वसाधारण)' झाला. नावं अर्थातच गेली. पुस्तक आठ पानांचं उरलं.

"सर्वसाधारण?" पोस्टमनची बायको कडाडली. "सासूच्या नाकावर टिच्चून शिकलेला केक आहे माझा! माझं नाव नाही, तर पुस्तकही नको."

साठही घरांनी हेच कळवलं. महिना संपायला नऊ दिवस होते. बाईंनी रिकाम्या बालविभागातल्या भरलेल्या बादल्या बाहेर ओतल्या, हात पुसले आणि साहेबांचं घर गाठलं.

"साहेब, पुस्तकाच्या ठरावाप्रमाणे वस्तीतल्या प्रत्येक घराची पाककृती हवी. तुमची राहिलीय."

नियमापुढे साहेबांचा नाइलाज होता. त्यांनी लिहिलं: उकडलेलं अंडं. अंडं एक, पंचावन्न ग्रॅम. पाणी पाचशे मिलिलिटर.

"किती मिनिटं?"

साहेबांचं पेन थांबलं. "ते... ही सांगते. 'काढा आता' म्हणते."

"पण वहिनी तर महिनाभर लेकीकडे आहेत ना?"

"फोन करतो."

"रोज?"

"अंडं रोज असतं." साहेब खाली बघत म्हणाले, "कधी उशिरा उचलते. मग घट्ट होतं."

"मग वहिनींचंही प्रमाणीकरण करून घेऊ या," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "परिपत्रक काढता?"

"हिला परिपत्रक?" बायको दुसऱ्या गावी असूनही साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग मूळ हस्तलिखित ओढून त्यावर सही ठोकली. "आहे तसंच छापा. फक्त फोन नंबर घालू नका."

पुस्तक निघालं, निळा कप, शेजारीण, सगळ्यांची नावं, शेवटी अंडं. प्रत्येक घराने दोन-दोन प्रती नेल्या, एक घरात आणि एक विहीणबाईंना. दोन दिवस राखून छप्पर झालं. बालविभाग उघडा राहिला, आणि खात्याने 'आमच्या पाठपुराव्यामुळे' दुरुस्ती झाल्याचं लेखी कळवलं.

वर्षाने दुसऱ्या आवृत्तीसाठी बाई घरोघर विचारत फिरल्या, पुस्तकातलं काय काय करून पाहिलं? एकसष्ट घरांत एकसष्ट पदार्थ झाले होते. प्रत्येकाने आपापला, पुस्तक न उघडता.

असं एखादं पुस्तक तुमच्याही कपाटात असेल. हातात घेतलं की ते आपोआप एकाच पानावर उघडतं. त्या पानावर तुमचं नाव आहे.