आठव्या विंगचं नाव

मनुष्याला पाण्यावाचून एखादा दिवस काढता येतो. नावावाचून मात्र काढता येत नाही. निदान बोळिंजमधल्या आमच्या ‘ॲक्वा वैभव’ संकुलात तरी नाही.

बिल्डरने आम्हाला चोवीस तास पाण्याचं वचन दिलं होतं आणि ते त्याने आपल्या परीने पाळलं. ॲक्वा म्हणजे पाणी. ए, क्यू, यू, ए ही चार इंग्रजी अक्षरं त्याने प्रत्येक विंगच्या नावाच्या सुरुवातीला बसवली: ॲक्वामरीन, ॲक्वाटिक, ॲक्वारेल, ॲक्वेरियम (इथे बहुसंख्य रहिवासी शाकाहारी आहेत), अशी सात नावं. आठव्या विंगपाशी त्याच्याकडचे शब्द संपले आणि तो दुबईला गेला. नळाला पाणी आलेलं नाही, पण अक्षरं चोवीस तास असतात. संध्याकाळी त्यांत दिवेही लागतात.

पाणी टँकरने येतं. टँकरचा पाइप ज्या विंगच्या टाकीत सोडायचा, तिचं नाव आधी वहीत लिहावं लागतं. आठव्या विंगला नाव नाही, म्हणून पाणी नाही. यात दोष कोणाचाच नाही. दुसऱ्या विंगमधून बादली भरून नेण्यास बंदी आहे (ठरावाचे अनुमोदक: प्रस्तुत लेखक).

आठव्या विंगमधल्या आशालताबाई रोज सकाळी बादली घेऊन खाली येतात आणि उभ्या राहतात. त्यांचे यजमान ऑपरेशन झाल्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांचं अंग पुसायला पाणी लागतं. बाई अध्यक्षांना म्हणाल्या, “प्रल्हादराव, नाव सावकाश ठेवा हो. आधी पाइप तेवढा सोडा.”

“सोडतो की, वहिनी,” अध्यक्ष म्हणाले. “पण कुठे सोडला म्हणून लिहू?”

बाईंनी बादलीकडे बोट दाखवलं. समाजात शिक्षणाचा प्रसार अजून व्हायला हवा, असं मला त्या वेळी फार वाटलं.

समितीने तातडीने नामकरण उपसमिती नेमली. वसईहून सिप्रियन सरांना पाचारण केलं. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी आजोबांच्या काळातला, पुठ्ठा निघालेला इंग्रजी शब्दकोश आहे. तो पिशवीत घालून सर रिक्षाने आले. आल्याआल्या त्यांनी पाणी मागितलं, तेव्हा त्यांना शाल देण्यात आली.

त्यांनी एकेक जुना शब्द वाचला आणि उपसमितीने त्यावर साधकबाधक चर्चा केली. ॲक्वा फोर्टिस, म्हणजे तेजाब: फ्लॅटचे भाव पडतील, म्हणून नामंजूर. ॲक्वा व्हीटे, म्हणजे दारू: तिघांनी हात वर केले, मग एकमेकांकडे पाहून खाली घेतले. ॲक्वा तोफाना, म्हणजे जुन्या काळचं विष: नावात भारदस्तपणा आहे, पण दिशा वास्तुशास्त्रात बसत नाही.

मग सर म्हणाले, “हा बघा, ॲक्विडक्ट. पाणी वाहून आणणारा कालवा. तुम्हाला हाच पाहिजे, नाही का?”

उपसमितीने स्पेलिंग तपासलं. चौथं अक्षर ‘ए’ नसून ‘ई’ निघालं. एवढ्याशा पाण्यासाठी संकुलाची एकरूपता मोडणं कोणालाच पटलं नाही.

अखेर सरांना ॲक्वाबिब सापडला. अर्थ: पाणी पिणारा. तो एकमताने मंजूर झाला. ग्रॅनाइटची पाटी लागली. ती पुसायला बाजारातून बाटलीबंद पाणी आणलं. आशालताबाईंनी पाटीला हात जोडले आणि बादली पुढे केली. मलाही त्या क्षणी भरून आलं.

इतक्यात उरलेल्या सात विंगांनी हरकत घेतली. पाणी इंग्रजी वर्णक्रमाने मिळतं, आणि ॲक्वाबिबचं पाचवं अक्षर ‘बी’ असल्यामुळे काल आलेली विंग पहिली ठरत होती. हा अन्याय आहे, हे बारा मिनिटांत सर्वांना पटलं. आता प्रत्येक विंगला ॲक्वाबिबच्याही आधी येणारा शब्द हवा आहे. तो मिळेपर्यंत टँकर फाटकाबाहेर थांबवला आहे. शंभर टक्के विंगांना समान पाणी मिळण्याची ही आमच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

“असा शब्द कोशात नाही,” सिप्रियन सर म्हणाले.

“पुन्हा बघा, सर,” अध्यक्ष म्हणाले.

सर पुन्हा बघत आहेत. तुम्हीही मनातल्या मनात शोधायला लागला असाल. सुचला तर जरूर कळवा. घाई नाही. आशालताबाई बादली घेऊन खाली उभ्या आहेत, हे तुमच्याही ध्यानातून गेलं होतं.