सॅव्हेजच्या पुंगळ्या

तिसऱ्या बाराला कुंपणावरचा बीन्सचा डबा एकदाचा खाली पडला आणि व्हर्लिन आसेनने आरोळी ठोकली, "आर्डिस, बघितलंस? तुझ्या वडलांची रायफल म्हणजे लोणी आहे, लोणी!"

आर्डिस मागच्या पायरीवर बटाटे सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "काडतुसं किती राहिली?"

"राहतील कशाला? डबीत तीनच तर होती. आणू की मर्लकडून."

मर्लच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांपासून गाईच्या औषधापर्यंत सगळं मिळायचं. व्हर्लिन गावभर प्रोपेन गॅसचा टँकर फिरवायचा आणि दिवसाआड तिथे डोकावायचा. त्याने ऐटीत सांगितलं, "थ्री-ओ-थ्री सॅव्हेज. दे दोन डब्या."

मर्लने चष्मा कपाळावर सरकवला. "सॅव्हेज? मी त्या शेवटच्या विकल्या तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते."

"मग मागव."

"कुठून मागवू? कोणी काढतच नाही आता. घरी भरायची. गोळ्या मी देतो, बंदुकीची दारू देतो. प्रायमर, म्हणजे ती बुडातली चिमुकली टोपी, आली की एका गिऱ्हाइकाला एक डबी देतो. पण हे सगळं भरणार कशात? पुंगळी कुठाय?"

व्हर्लिनने खिशातून तिन्ही रिकाम्या पुंगळ्या काढून काउंटरवर ठेवल्या. मर्लने एकेक उजेडात धरली. म्हातारं पितळ तिन्हींच्या मानेवर उभं चिरलं होतं.

"ह्यांची बटणं करून कोटाला लाव," मर्ल म्हणाला.

एरवी व्हर्लिनने हसून सोडून दिलं असतं. हरणं मारायला आर्डिसची रायफल घरात होतीच, आणि तिची काडतुसं पेट्रोल पंपावरही मिळायची. पण ही रायफल साधीसुधी नव्हती. सासरा ऑस्कर गेल्यावर सासूबाईंनी, म्हणजे हिल्माने, ती पोटच्या पोराला न देता जावयाच्या हातात ठेवली होती. पोरगा रॉयस ट्रॅक्टर विकायचा, आणि गावाबाहेरच्या त्याच्या मोठ्या घरात एक भिंत त्याने दिवे लावून ह्या रायफलसाठी तयार ठेवली होती. त्यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली तेव्हा हिल्माने काटा खाली ठेवून निकाल दिला होता, "ऑस्करची रायफल शोभेची नाही. ह्या सीझनला व्हर्लिनने ह्याच रायफलीने हरीण पाडलं तर ती त्याची. नाही पाडलं तर रॉयस, तू तुझे दिवे लाव."

"मला चालेल," रॉयस म्हणाला होता, आणि त्याने व्हर्लिनच्या ताटात स्वतःच्या हाताने आणखी बटाटे वाढले होते.

आता गोष्ट पुंगळीवर येऊन अडली. व्हर्लिनने संध्याकाळभर कॉम्प्युटरसमोर बसून शोधलं. कुठे 'संपल्या', कुठे 'कळवू', आणि जिथे होत्या तिथली किंमत बघून त्याला वाटलं, चुकून घराचीच किंमत छापलीय. आर्डिसला नवऱ्याची दया आली. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तिने चार बायकांत सहज शब्द टाकला, "आमच्या व्हर्लिनला थ्री-ओ-थ्रीच्या रिकाम्या पुंगळ्या हव्यात हो. कुणाच्या गॅरेजात पडल्या असतील तर बघा."

झालं. दुसऱ्याच दिवशी मिसेस थोर्सगार्ड दारात हजर. हातात कॉफीचा जुना डबा, त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर त्यांचं नाव, चर्चच्या जेवणाला भांडं नेताना लावतात तसं.

"आमच्या ह्यांच्या आहेत," त्या म्हणाल्या. "माणूस गेला, पण पुंगळ्या टाकवत नव्हत्या. तुमच्या उपयोगी पडतायत म्हटल्यावर मला रात्री शांत झोप लागली बघा."

व्हर्लिनने डब्यात बघितलं. पुंगळ्या थ्री-ओ-थ्रीच्याच होत्या, पण इंग्रजांच्या. नाव एक, कूळ वेगळं. इंग्रजी पुंगळी चांगली लांबलचक, त्याच्या रायफलीत ती जन्मात बसली नसती. हे तो सांगणार, तेवढ्यात मिसेस थोर्सगार्डनी रुमाल डोळ्यांना लावला.

"अगदी ह्याच हव्या होत्या," व्हर्लिन म्हणाला.

हे एक वाक्य त्याला फार महागात पडलं. मिसेस थोर्सगार्डचा डबा उपयोगी पडला हे कळताच गावातल्या प्रत्येकाला आपल्या गॅरेजातला डबा आठवला. एकाने बरणी आणली, एकाने बुटाचं खोकं, पोस्टातल्या बाईने चक्क लोकरी मोजा भरून आणला. सगळ्या इंग्रजी. प्रत्येकाला खुर्ची द्यायची, कॉफी द्यायची, जाताना आर्डिसच्या चोकचेरीच्या जॅमची बाटली हातात ठेवायची. शिवाय टँकर घेऊन ज्याच्या अंगणात जावं तो विचारणार, "काय व्हर्लिन, आमच्या पुंगळ्या कशा चालल्यात?"

"सोन्यासारख्या!" व्हर्लिन ओरडायचा आणि नळी ओढत घरामागे पळायचा.

फडताळातला जॅम संपला तेव्हा आर्डिसने गॅरेजात येऊन डब्यांच्या चळतीकडे बघितलं. "ह्यातली एकसुद्धा तुझी नाही?"

"एकसुद्धा नाही."

"मग तू खरं का सांगत नाहीस?"

"तू सांग. मोज्यापासून सुरुवात कर."

आर्डिसने मोजा उचलला आणि परत जागेवर ठेवला. पोस्टातली बाई तिच्या बहिणीची विहीण होती.

ही बातमी हिल्मापर्यंत पोचली ती वेगळ्याच रूपात. "गावाने तुला पोत्याने पुंगळ्या दिल्यात म्हणे," ती फोनवर म्हणाली. "चांगलं झालं. आता सबब नको. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमू, दुसऱ्या दिवशी शिकारीला जाऊ. रॉयसही येतोय. बघायला."

 शेवटी व्हर्लिनने एक हिशेबी विचार केला. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे टेबल घ्यायचं, इंग्रजी पुंगळ्या विकायच्या आणि आलेल्या पैशांत सॅव्हेजच्या घ्यायच्या. हॉल गावापासून चांगला लांब होता, ओळखीचं कोण येतंय!

आणि खरोखर नशीब उघडलं. शेजारच्याच टेबलावर ओरिन नावाचा एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसला होता, आणि त्याच्यापुढे पुठ्ठ्याच्या जुन्या डबीत ओळीने उभ्या होत्या सॅव्हेजच्या पुंगळ्या. व्हर्लिनने एक उचलली. मान शाबूत. दुसरी, तीही शाबूत. त्याचा हात थरथरायला लागला.

"आधी ठेव खाली," ओरिन म्हणाला. "ज्याचा हात असा थरथरतो त्याला मी भाव वाढवून सांगतो."

"थांबा जरा. माझा माल खपू द्या, मग बोलू."

माल भराभर खपू लागला. इंग्रजी पुंगळ्यांचीही टंचाई होतीच, लोक डबेच्या डबे उचलत होते. व्हर्लिन नोटा घडी करून खिशात कोंबत होता, तेवढ्यात समोरून ओळखीचा आवाज आला.

"अगंबाई! हा तर माझा डबा!"

हॉलमध्ये शेतीच्या सामानाचीही टेबलं होती; मिसेस थोर्सगार्ड भाच्याबरोबर कुरणाच्या कुंपणाची तार बघायला आल्या होत्या. चिकटपट्टीवरच्या नावावर त्यांचं बोट होतं, आणि त्याच डब्यावर किमतीची चिठ्ठी होती.

"तुम्ही... माझ्या ह्यांच्या पुंगळ्या... विकताय?"

 पुढचं वाक्य कुठून आलं हे व्हर्लिनला अजून उमगलेलं नाही. "चर्चच्या छपरासाठी!" तो म्हणाला. "मला लागतील तेवढ्या ठेवल्या. बाकीच्या... छपरासाठी. गळतंय ना."

मिसेस थोर्सगार्डनी भर हॉलमध्ये त्याला मिठी मारली. मग त्या टेबलाच्या आतल्या बाजूला आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि दिवसभर स्वतः पैसे घेऊन पर्समध्ये ठेवत राहिल्या. खिशात कोंबलेल्या नोटाही त्यांनी आठवणीने मागून घेतल्या. "विसराल तुम्ही," त्या प्रेमाने म्हणाल्या.

संध्याकाळी टेबल रिकामं झालं आणि व्हर्लिनही. ओरिन हे सगळं मिशीतल्या मिशीत हसत बघत होता. मिसेस थोर्सगार्ड गेल्यावर तो म्हणाला, "छप्पर झालं. आता तुझं काय?"

"पैसे तर गेले."

"मला पैसे नकोतच. घरी काय आहे ते सांग. मी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरतो."

 व्हर्लिनच्या घरी बर्फाला भोक पाडायचं मोटरचं गिरमिट होतं. नवं कोरं, आर्डिसने वाढदिवसाला दिलेलं.

घरी आल्यावर आर्डिसने गॅरेजातल्या रिकाम्या खुंटीकडे बराच वेळ बघितलं. "ते मी दिलं होतं."

"म्हणून तर त्याला एवढी किंमत आली," व्हर्लिन म्हणाला. ती रात्र त्याने सोफ्यावर काढली.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून व्हर्लिनचे आभार मानले आणि छप्पर अजून अर्धंच झाल्याचं सांगितलं. सोमवारपासून डबे पुन्हा यायला लागले. पण व्हर्लिनला आता त्याचं काही नव्हतं. मर्लच्या दुकानात प्रायमर आले तेव्हा त्याने आर्डिसला आणि हिल्माला वेगवेगळ्या गाड्यांतून पाठवलं. हिल्मा काउंटरवर जाऊन ठणकावून म्हणाली, "मी व्हर्लिन आसेनला ओळखत नाही, मला वेगळी डबी द्या." ओरिनच्या पुंगळ्यांतल्या काही धुताना चिरलेल्या निघाल्या. उरलेल्या मोजक्याच, पण त्या त्याने आठवडाभर एकेक करून अशा भरल्या, की घड्याळजीने बघून मान खाली घालावी.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळे टेकडीखालच्या कुरणावर पोचले. घोट्याच्या वर बर्फ होतं. हिल्मा गाडीतच थर्मास घेऊन बसली. रॉयस नवं कोरं नारिंगी जाकीट घालून आला होता आणि त्याच्या हातात रायफल नव्हती, दुर्बीण होती.

"दिवे कालच पुसून घेतले," तो म्हणाला.

व्हर्लिन एका खडकाला टेकून बसला, आर्डिस त्याच्या उजव्या खांद्यामागे, आणि तिघेही गारठत राहिले. मग सीडरच्या झुडपांतून एक शिंगाळ नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. व्हर्लिनने नेम धरला. धरूनच ठेवला.

"मार की!" आर्डिस कुजबुजली.

"थोडा जवळ येऊ दे."

"अजून किती जवळ? जेवायला बोलावतोयस का त्याला?"

"आर्डिस, एकेका काडतुसामागे काय काय गेलंय तुला माहीत आहे."

"गिरमिट गेलंय माझं! मार!"

बार झाला. नर दोन उड्या मारून जागीच कोसळला. व्हर्लिनने सवयीने रायफलीचा दांडा ओढला, पुंगळी चमकत बाहेर उडाली. रॉयसने दुर्बीण खाली केली आणि एवढंच म्हणाला, "पडला." गाडीत हिल्माने आनंदाने हॉर्न वाजवला. आर्डिसने मागून नवऱ्याला मिठी मारायला हात पसरले, तर समोर नवरा नव्हता. तो खाली गुडघ्यांवर बसून बर्फ चाळत होता.

"व्हर्लिन! हरीण तिकडे पडलंय!"

"त्याला आता कुठे जायचंय? पुंगळी कुठे पडली ते सांग!"

"एका पुंगळीसाठी?" रॉयस हसत पुढे आला. "अरे, मी तुला डबीच घेऊन देतो."

"तिथेच थांब! पाय उचलू नकोस!" व्हर्लिन असा ओरडला की रॉयस एका पायावर उभा राहिला. "तू घेऊन देणार? कुठून? ट्रॅक्टरच्या दुकानातून? मी अख्ख्या जिल्ह्याच्या पुंगळ्या तपासल्यात, रॉयस. चर्चचं छप्पर झालं, पण मला पुंगळी मिळत नव्हती!" आणि तो बर्फात हात घालता घालता सगळं सांगत सुटला. मोजा, मिठी, गिरमिट, सोफा. रॉयस एका पायावर उभा राहून ऐकत होता. सांगून झालं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"म्हणजे ही रायफल मी घेतली असती," तो सावकाश म्हणाला, "तर हे सगळं मला करावं लागलं असतं?"

"भिंतीवर लावायला काही लागत नाही."

"पण एखाद्या दिवशी आई म्हणाली असती ना, चालव म्हणून." रॉयसने गाडीकडे बघितलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. "तुलाच लखलाभ, बाबा. पण पुंगळी जाईल कुठे? थांब, माझ्याकडे सोय आहे." तो स्वतःच्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत गाडीपर्यंत गेला आणि दुकानातला एक भलामोठा लोहचुंबक दोरीला बांधून घेऊन आला. तो बर्फावरून फिरवू लागला.

"रॉयस," व्हर्लिन म्हणाला, "पितळ आहे ते."

रॉयसने चुंबक ठेवून दिला आणि तोही गुडघ्यांवर बसला. ट्रॅक्टरवाला माणूस, त्याने लगेच जमिनीची वाटणी केली. खडकापासून झुडपापर्यंत मी, इकडे तू, आर्डिस, तू मागची बाजू घे. तिघे हातमोजे काढून बोटांनी बर्फ चाळायला लागले. हिल्मा काच खाली करून ओरडली, "हरणाकडे कोणी बघणार आहे का, की मी उतरू?"

"थांब गं आई, कामात आहोत!" रॉयस ओरडला.

वरून भुरभुर बर्फ पडायला लागलं. बोटं लाल झाली, मग जांभळी. आर्डिसने शेवटी हात झटकले आणि ती उभी राहिली. "मरो ती पुंगळी. माझे कान गळून पडतील आता." तिने मानेमागचं जाकिटाचं टोपडं दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्यावर ओढलं.

टोपड्यातून काहीतरी टणकन तिच्या कपाळावर आपटलं, नाकावरून घरंगळलं, क्षणभर उजेडात चमकलं आणि तिच्या बुटांपाशी बर्फात गडप झालं.

 मग दोन्ही हात आडवे पसरून, व्हर्लिनला आणि सख्ख्या बहिणीला मागे रेटत, रॉयस किंचाळला, "कोणीही हलायचं नाही!"