दुपार तासणारा रंधा

डॉ. त्र्यंबक उकिडवे यांनी घरी बनवलेला तिसरा रंधा लाकूड तासत नव्हता. तो दुपार तासत होता.

पहिले दोन रंधे काहीच तासत नसत, त्यामुळे ही प्रगतीच म्हणायला हवी होती. पण डॉक्टरसाहेबांना तसे म्हणवेना. तत्त्वज्ञान शिकवण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती आणि कुठल्याही गोष्टीला प्रगती म्हणण्याआधी ते दोनदा विचार करीत, मग तिसऱ्यांदा करीत आणि तेवढ्यात ती गोष्ट निघून जाई. मोडक्या पलंगाच्या शिसवी खुरातून त्यांनी हा रंधा कोरला होता. पाते बसवले, पाचर ठोकली आणि जेवणानंतर मागच्या गॅलरीत सागाच्या फळीवर तो चालवून पाहिला. फळी होती तशीच राहिली. रंध्याच्या तोंडातून मात्र एक पिवळसर, कोमट साल गुंडाळत बाहेर आली. तिला इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. घड्याळ पाच मिनिटे पुढे गेले होते.

“माझंच काहीतरी चुकलं असणार,” ते स्वतःशी म्हणाले आणि वहीत तशी नोंद केली.

त्यांची थोरली बहीण उमाक्का त्यांच्याकडेच राहत असे. यजमान गेल्यापासून तिला सकाळ कळत नसे, रात्र जाणवत नसे, पण दुपार जाता जात नसे. “खायला उठते रे मेली,” ती खुर्चीत बसून म्हणे, आणि हे ऐकवत नाही म्हणूनच डॉक्टरसाहेब जेवण झाले की गॅलरीत जाऊन दार लोटून घेत. सुतारकामाची आवड त्यांना अशी लागली होती.

आता मात्र त्यांना काही करता येण्यासारखे होते. ते रोज दहा-बारा साली काढू लागले. साडेतीनलाच ऊन कलू लागले. महिनाभरात उमाक्का दोन पोळ्या खाऊ लागली.

मग नगरपालिकेच्या फरांदेबाई आल्या. त्या प्रभागाच्या वेळ-निरीक्षक होत्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पाणी घेतले आणि फाईल उघडली.

“तुमच्या गल्लीतल्या दुपारीला खळगे पडलेत, अशी तक्रार आहे. खर्शीकरांचं दूध दोनदा उतू गेलं, पण ते तापत ठेवल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. पोस्टमन आलेला कुणी पाहिला नाही, पत्र मात्र हातात.”

“ते बहुधा माझ्यामुळे,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “म्हणजे, नक्की माझ्यामुळेच. निदान मला तसं वाटतं.”

बाईंनी गॅलरीत जाऊन दुपारीवरून, तीन ते सव्वातीनच्या दरम्यान, हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. बोटात कुसळ गेले होते.

“हे गुळगुळीत असायला हवं,” त्या बोट चोखत म्हणाल्या. “स्वतःच्या घरची दुपार तासायला हरकत नाही, पण ओरखडे शेजाऱ्यांपर्यंत जाता कामा नयेत. रंधा सदोष असेल तर आज तो जमा करावा लागेल. निर्दोष असेल तर जाणकार मिस्त्रीचा दाखला हवा.”

“जमा?” उमाक्का खुर्चीतून म्हणाली. “आणि मी काय करू हो एक ते पाच? तुम्ही येऊन बसणार का माझ्यापाशी?”

बाईंनी फाईल पुढून मागून चाळली. डॉक्टरसाहेबांनी खालच्या आळीतल्या ज्ञानू मिस्त्रींना निरोप धाडला आणि ते येईपर्यंत रंध्यातल्या अकरा संभाव्य दोषांची यादी केली.

ज्ञानू मिस्त्रींनी यादी वाचली नाही. रंधा उलटा करून एक डोळा मिटला, पात्यावरून अंगठा फिरवला, पाचर हलवून पाहिली.

“सर, रंधा झकास हाय.”

“पण तोंड जरा रुंद नाही का झालं? मला शंका—”

“तोंड बरोबर हाय. तुमी उलटा मारताय. कुठनं सुरू करता?”

“संध्याकाळकडून,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “म्हटलं, आधी शेवट जवळ आणावा.”

“आता काय बोलायचं!” मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “लाकडागत दुपारलाबी शीर असती, ती जेवणाकडनं दिवेलागणीकडं जाती. माझ्या म्हशीला कळतं ते. शिरंच्या उलटं मारलं की उपटणारच. एवढी पुस्तकं वाचली, तर एकदा हात फिरवून बघायचं नाही व्हय?”

“खळग्यांचं काय?” फरांदेबाईंनी विचारले.

“साली ठेवल्यात का? मग सरसात कालवून भरू. दोन दिसांत वाळत्यात.”

साली पोत्यात होत्या. टाकून देण्याचा निर्णय डॉक्टरसाहेबांना घेता आला नव्हता. मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंतचे सगळे खळगे बुजवले, दाखल्यावर सही केली आणि बाईंनी शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी ताटे उचलल्यावर डॉक्टरसाहेबांनी रंधा हाती घेतला. मिस्त्रींच्या सांगण्यावरून या वेळी गॅलरीत न जाता ते उमाक्काच्या खुर्चीपाशी उभे राहिले, कारण दुपार तिथेच सर्वांत जाड होती. जेवणाच्या बाजूने त्यांनी रंधा टेकवला आणि ढकलला. कुठे अडले नाही. एकच लांब साल निघाली, अखंड, आणि उमाक्काच्या मांडीवर गोळा होत गेली. दुसरी निघाली. तिसरी निघाली. खोलीतले ऊन हलके होत चालले.

“पुरे,” उमाक्का म्हणाली.

“दुखलं का कुठे? मी जोरात—”

“नाही रे. एवढी राहू दे. सगळी काढलीस तर बसायचं कुठं आपण दोघांनी?”

त्यांनी पाचर सैल करून पाते काढले, फडक्याने पुसले. मग स्वयंपाकघरातला पाट आणला आणि तिच्या शेजारी बसले. काय बोलावे हे त्यांना सुचेना, आणि त्याची काळजीही त्यांना जरा वेळाने वाटू लागली, नेहमीसारखी लगेच नाही. उरलेली दुपार इतकी पातळ झाली होती की तिच्यातून पलीकडची संध्याकाळ दिसत होती. खर्शीकरांच्या अंगणात कुणीतरी सडा टाकत होते.

“ती बघ दुपार,” उमाक्का म्हणाली, “आपल्याच दारावरून चाललीय.”

डॉक्टरसाहेबांनी पाहिले. खरेच, चालली होती.