डोंगरे सरांची हिरवी भुकटी

डोंगरे सर लग्नाच्या पंगतीतही खिशातून प्लास्टिकचा चमचा काढतात. स्टीलचा चमचा समोर आला की दोन बोटांनी बाजूला सारून म्हणतात, "लोखंड घुसते, भाऊ." पांढुर्ण्यात आता कोणी हसत नाही, वाढपीच त्यांच्या पानाशी चमचा ठेवत नाहीत.

सर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, मी मराठी. आमची घरं लागून आहेत. सर एकटेच राहतात. जखमेच्या मलमात असते ती झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी घ्यायची, तीत चिमूटभर कोबाल्ट घालून भट्टीत तापवायची आणि ती चुंबकासारखी वागते का ते पाहायचं, हा त्यांचा ध्यास. भुकटी हिरवी होते. "कोबाल्ट म्हणजे पाहुणा," ते मला समजावतात. "पाहुणा घरात मावला पाहिजे, पण घराचा नकाशा नाही बदलला पाहिजे." आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हाही हेच म्हणाले.

मागे एकदा नागपूरहून तपासणीचा निकाल आला: भुकटीत चुंबकत्व आहे. सरांनी कॉलेजभर पेढे वाटले. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी तिगावची वैशाली मात्र पेढा न खाता उभी होती. मग तिने चाचरत सांगितलं, की नमुना आपण स्टीलच्या चिमट्याने उचलला होता. चुंबकत्व चिमट्यातून आलेल्या लोखंडाचं असेल. सरांनी प्लास्टिकच्या चिमट्याने सारे नमुने नव्याने केले. घराचा नकाशा, म्हणजे भुकटीतल्या अणूंची मांडणी, शाबूत; चुंबकत्व गायब. छापायला पाठवलेला शोधनिबंध त्यांनी परत मागवला. चमच्याचं वेड तेव्हापासूनचं.

पोरीचं संशोधन फसलं, एवढंच वैशालीच्या वडिलांच्या कानावर गेलं. शिक्षण पुरे म्हणून ते स्थळं पाहू लागले. सर मला स्कूटरवर बसवून तिगावला घेऊन गेले. वैशालीच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत खाटेवर बसून त्यांनी सांगितलं, की चूक माझी, ती पकडली तुमच्या पोरीने. नव्या निबंधात पहिलं नाव तिचंच राहील. वडील ऐकत होते, पण काही केल्या मान हलवत नव्हते.

तेव्हा सर खाली पाहत बोलले, "माही पोरगी बी हुशार होती, भाऊ. बारावी झाल्याबरोबर मी तिचं लग्न लावून देलं. आता फोन करते, तब्येत विचारते अन् ठेवून देते. दुसरं काही बोलतच नाही माह्यासंग."

वडिलांनी सरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती दिवस लागतील अजून तिले?"

सर चष्मा पुसत होते. शेवटी मीच, मराठीच्या मास्तराने, सांगून टाकलं, "साल-दीड साल."

"करू द्या मंग," वडील म्हणाले.